महापालिकेच्या योजना खरंच पदरात पाडून घ्यायच्या तर: कोर्स, मग कर्ज, मग घर

पुणे-पिंपरीत वस्तीत राहणारे, भाड्याने राहणारे, पथारी किंवा हातगाडी लावणारे आणि बारावी होऊन घरी बसलेली पोरंपोरी, यांच्यासाठी हे लिहितोय. नाशिक, ठाणे, नागपूर, कोल्हापूरवाल्यांनाही चालेल कारण केंद्राच्या आणि राज्याच्या योजना सगळीकडे त्याच आहेत, फक्त विभागाचं नाव आणि ऑफिसचा पत्ता बदलतो.

आधी एक मुद्दा डोक्यात पक्का बसवून घ्या म्हणजे पुढचं सोपं जाईल. महापालिकेत कोर्सचं टेबल वेगळं, पथारीवाल्यांच्या कर्जाचं वेगळं, आणि घराचं तर बऱ्याचदा बिल्डिंगच वेगळी. कोर्सवाल्या मॅडमना घराचं काही माहीत नसतं, घरवाल्या साहेबांना कर्जाशी देणंघेणं नसतं. पण तुमच्या बाजूने बघितलं तर तिन्ही एकमेकांत अडकलेली आहेत. लॉटरीत घर लागूनही सोडून देणारे लोक भरपूर आहेत, का, तर बँक लोन देत नाही. लोन का देत नाही, तर पगाराची स्लिप नाही, सिबिल म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचा स्कोअर एकतर नाहीच किंवा मोबाईलवरच्या झटपट लोनच्या ॲपनी वाट लावलेली. म्हणून शेवटाकडून मागे या. घर पाहिजे तर लोन पाहिजे, लोन पाहिजे तर खात्यात दिसणारी कमाई आणि एखादं छोटं कर्ज वेळेत फेडल्याची नोंद पाहिजे, आणि कमाई पाहिजे तर आधी हाताला काम. ही जोडणी कुठलाच साहेब तुम्हाला करून देणार नाही, ती तुमची तुम्हालाच करायची आहे.

आणि हो, "फॉर्म सुटलेत, आजच शेवटची तारीख" असे जे फॉरवर्ड फिरतात त्यावर धावू नका. त्यातले निम्मे मागच्या वर्षीचे असतात.

पहिलं काम: ऑफिस आणि माणूस शोधा

पुणे महापालिकेत या सगळ्याचा मूळ विभाग म्हणजे समाज विकास विभाग, जुनी लोकं अजून "नागरवस्ती" म्हणतात. पिंपरी-चिंचवडलाही समाज विकास विभाग आहे. मुंबईत महिलांना शिवणयंत्र, घरघंटी, मसाला कांडप यंत्र वगैरे जे मिळतं ते नियोजन विभागाकडून. मुख्य इमारतीत धडकायची गरज नाही, आपल्या भागाच्या क्षेत्रीय कार्यालयात जायचं आणि विचारायचं, "आमच्या वस्तीच्या समूह संघटिका कोण?"

हा प्रश्न फार कामाचा आहे. समूह संघटिका किंवा समूह संघटक म्हणजे वस्तीत बचत गट बांधणारी, फॉर्म वाटणारी, यादी करणारी व्यक्ती. कुठली योजना चालू आहे, कुठली फक्त कागदावर आहे आणि कुठल्या फॉर्मची खरी मुदत कधी आहे हे तिला साहेबांपेक्षा जास्त माहीत असतं. मंगळवार-बुधवारी सकाळी गेलात तर भेटतात, दुपारनंतर वस्तीत फिरतीवर असतात, आणि आठवडा बैठकीचा असला तर अजिबात भेटत नाहीत, म्हणून आधी फोन नंबर घेऊन ठेवा. बोलताना "ताई" म्हणा, भांडायला आल्यासारखं जाऊ नका, त्यांच्याकडे एकेकीकडे अनेक वस्त्या असतात.

हा पैसा येतो कुठून तेही माहीत असू द्या, कारण मग बोलताना आपण भीक मागतोय असं वाटत नाही. महापालिकेने आपल्या बजेटमध्ये महिला व बालकल्याणासाठी ५ टक्के, मागासवर्गीयांसाठी ५ टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के रक्कम ठेवायची असते. शिवणकाम, ब्युटी पार्लर, संगणक, ड्रायव्हिंग असे जे कोर्स महापालिका स्वतः घेते ते बहुतेक याच पैशातून. आणि हा पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडावा लागतो, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारीत एकदम जाहिराती निघतात आणि आठ-पंधरा दिवसांत फॉर्म बंद होतात. ज्याची फाईल तयार असते तोच त्यात बसतो, बाकीचे तहसीलच्या रांगेत.

फाईल

कंटाळवाणं आहे पण सगळा खेळ इथेच आहे. एक प्लास्टिकची फाईल घ्या आणि त्यात आधार (घरातल्या सगळ्यांचं), पॅन, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, अधिवास म्हणजे डोमिसाईल, असेल तर जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, बँक पासबुकचं पहिलं पान, लाईटबिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार, पासपोर्ट फोटो. प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. आणि सगळं स्कॅन करून मोबाईलमध्ये, कारण अर्धे फॉर्म ऑनलाईन आहेत आणि सायबर कॅफेवाला दर वेळी स्कॅनचे पैसे घेतो.

डोमिसाईलसाठी महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचे पुरावे लागतात, म्हणून शाळेचे दाखले, जुनी लाईटबिलं टाकून देऊ नका. उत्पन्नाचा दाखला काढताना तो एक वर्षाचा पाहिजे की तीन वर्षांचा हे आधी विचारा आणि कुठल्या आर्थिक वर्षाचा तेही बघा, जुन्या वर्षाचा दाखला जोडला म्हणून बाद झालेले फॉर्म कितीतरी असतात. या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी ५०० च्या स्टॅम्पची गरज आता राहिलेली नाही, साध्या कागदावर स्वतः सही करून चालतं. तरीही सेतूच्या बाहेरचा एखादा टेबलवाला "स्टॅम्प लागतोच" म्हणून सांगेल, त्याला नमस्कार करून पुढे जा.

आता नावाचं. आधारवर "सुनिता", रेशनवर "सुनीता", शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव आणि बँकेत नवऱ्याचं नाव गाळलेलं. माणसाला ही एकच बाई दिसते, कॉम्प्युटरला चार दिसतात. स्पेलिंगमधला फरक असेल तर आधार हे मूळ धरून बाकीचं त्याच्याशी जुळवून घ्या, पॅन आणि बँक आधी. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा, तोही महापालिकेच्याच ऑफिसात मिळतो. पूर्ण नावच वेगळं असेल तर राजपत्रात म्हणजे गॅझेटमध्ये नाव बदलाची जाहिरात द्यावी लागते, ऑनलाईन होते, आणि एकदा झाली की आयुष्यभर कामाला येते.

यापेक्षा जास्त लोक ज्या गोष्टीला अडकतात ती म्हणजे आधार सीडिंग. बँकेत गेलात आणि विचारलंत, "साहेब माझं आधार लिंक आहे का?" तर तो स्क्रीनवर बघून म्हणणार "आहे". आणि तरीही अनुदान येत नाही, विद्यावेतन येत नाही, सगळ्यांचे आले माझेच कसे नाही म्हणून डोकं फिरतं. कारण खात्याला आधार जोडणं वेगळं आणि सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी (यालाच डीबीटी म्हणतात) ते खातं आधारशी सीड करणं वेगळं. तुमची चार खाती चार बँकांत असतील आणि चारही ठिकाणी आधार दिलेलं असेल तरी सरकारचे पैसे एकाच खात्यात पडतात, जे सगळ्यात शेवटी सीड झालं त्यात. ते कदाचित तुम्ही कधीतरी मोबाईल सिम घेताना उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं असेल ज्याचा पासवर्डही आठवत नाही! म्हणून आधारच्या वेबसाईटवर माय आधारमध्ये ओटीपी टाकून लॉगिन करायचं आणि "बँक सीडिंग स्टेटस" बघायचं, तिथे बँकेचं नाव आणि ॲक्टिव्ह आहे की नाही ते दिसतं. चुकीची बँक दिसली तर आपल्या नेहमीच्या बँकेत जाऊन "डीबीटीसाठी आधार सीडिंगचा फॉर्म द्या" असं म्हणायचं, याच शब्दांत, "लिंक करा" म्हणू नका. काही दिवसांनी परत स्टेटस बघायचं. आधारला मोबाईल नंबर चालू असलेला पाहिजे हे वेगळं सांगायला नको, नंबर बदलला असेल तर हे काम सगळ्याच्या आधी.

काम शिकायचं कुठे

दहावी झालेल्या किंवा दहावी नापास झालेल्या पोरांसाठी माझं मत स्पष्ट आहे, तीन महिन्यांच्या सर्टिफिकेटच्या मागे लागण्याआधी आयटीआय बघा. पिंपरी-चिंचवड महापालिकेची स्वतःची आयटीआय मोरवाडीला आहे, मुलींसाठी कासारवाडीला आहे. फिटर, वेल्डर, टर्नर, वायरमन, इलेक्ट्रिशियन केलेल्या पोराला भोसरी, चाकण, तळेगाव या पट्ट्यात निदान दारात उभं तरी करतात. काही ट्रेडला दहावी नापासही चालतो. प्रवेश राज्याच्या ऑनलाईन प्रक्रियेतून होतो, दहावीचा निकाल लागला की लगेच सुरू होतो, आणि पहिल्या फेरीचा ऑप्शन फॉर्म नीट भरला नाही तर मग मिळेल तो ट्रेड घ्यावा लागतो. कोर्स झाल्यावर ॲप्रेंटिसशिप चुकवू नका, तिथला अनुभवाचा कागद पुढे फार बोलतो.

शिक्षण मधेच सुटलं असेल, कुठल्याच गोष्टीत मन लागत नसेल, तर पुण्यात लाईटहाऊस आहेत. महापालिका आणि संस्था मिळून चालवतात, २०१६ ला औंधमध्ये पहिलं सुरू झालं आणि मग वेगवेगळ्या भागांत पसरली. इथे डायरेक्ट कोर्सला बसवत नाहीत, आधी फाउंडेशन असतं, बोलायचं कसं, स्वतःला काय जमतं, इंग्रजीची भीती वगैरे, मग तुम्ही कोर्स निवडता. बऱ्याच पालकांना हे टाइमपास वाटतं, मला नाही वाटत, वस्तीतल्या पोरीला इंटरव्ह्यूत मान वर करून बोलता आलं तर तिचं अर्धं काम झालेलं असतं.

बारावी, आयटीआय, पदवी झालेल्यांसाठी राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे, २०२४ ला आली. वय १८ ते ३५, महाराष्ट्राचा रहिवासी, महास्वयं या राज्याच्या रोजगार पोर्टलवर नोंदणी. कंपनीत किंवा सरकारी ऑफिसात प्रत्यक्ष काम शिकायचं आणि महिन्याला बारावीवाल्याला ६,०००, आयटीआय किंवा डिप्लोमावाल्याला ८,०००, पदवीवाल्याला १०,००० विद्यावेतन थेट खात्यात. महापालिकांनीही यात पोरं घेतलेली आहेत. सुरुवातीला सहा महिन्यांची होती, नंतर पाच महिने वाढवले. पण एक लक्षात घ्या, ही नोकरी नाही, मुदत संपली की संपली, "कायम करणार आहेत" असं कोणी ऑफिसात कुजबुजलं तर त्यावर लग्न ठरवू नका. शक्य असेल तर सरकारी ऑफिसपेक्षा कंपनी निवडा, कारण कंपनीत तुमचं काम आवडलं तर ठेवून घेण्याचा अधिकार तिथल्या मॅनेजरकडे असतो, सरकारी ऑफिसात तो कोणाकडेच नसतो.

महिलांचे शिवणकाम आणि पार्लरचे कोर्स. खरं बोलू का, एकाच वस्तीत चाळीस बायकांनी शिवणकाम शिकून ब्लाऊज शिवायला घेतले तर शिलाई किती मिळणार? शिकाच, पण कोर्सला नाव घालण्याआधी शिकवणाऱ्या मॅडमना विचारा, मागच्या बॅचच्या किती जणी आज कमावतायत आणि कुठे. उत्तर गोलमोल आलं तर दुसरा कोर्स बघा. पेशंट सांभाळणं, स्वयंपाक आणि डबे, टॅली, चारचाकी चालवणं यातल्या एखाद्याला तुमच्या भागात जास्त मागणी असू शकते.

हातात पिढीजात कला असलेल्यांसाठी पीएम विश्वकर्मा वेगळी आहे. सुतार, लोहार, सोनार, कुंभार, चांभार, गवंडी, न्हावी, धोबी, शिंपी, हार करणारे, टोपल्या-झाडू करणारे असे एकूण १८ व्यवसाय. सीएससी म्हणजे सरकारी ऑनलाईन सेवा केंद्रावर नोंदणी करायची, शहरात पहिली पडताळणी महापालिकेकडून होते, म्हणजे परत क्षेत्रीय कार्यालय आणि परत समूह संघटिका. काही दिवसांचं ट्रेनिंग, दिवसाला ५०० विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० चं ई-व्हाउचर, आणि मग ५ टक्के व्याजाने पहिलं कर्ज १ लाख, ते फेडलं की २ लाखांपर्यंत. घरातल्या एकालाच मिळते आणि घरात सरकारी नोकर असेल तर नाही. मशीन घेण्यासाठी मुद्रा (छोट्या धंद्यासाठीची केंद्राची कर्ज योजना) वाल्यांच्या मागे पळण्याआधी शिंपीण ताईंनी हे बघावं.

छोटं कर्ज, ज्याने पुढचं दार उघडतं

रस्त्यावर धंदा करणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी. जून २०२० ला आली, आता ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे आणि रकमाही बदलल्या: पहिलं कर्ज १५,००० पर्यंत, ते फेडलं की २५,०००, तेही फेडलं की ५०,०००. तारण काही नाही. वेळेत हप्ते भरले तर ७ टक्के व्याज अनुदान म्हणून परत येतं. क्यूआर कोडवर पैसे घेतले तर कॅशबॅक वेगळा, आणि दुसरं कर्ज फेडलेल्यांना यूपीआयला जोडलेलं रुपे क्रेडिट कार्ड. जुन्या पोस्टवर अजून १०, २०, ५० हजार असे आकडे असतात, ते सोडून द्या.

लागतं काय, तर पथविक्रेता प्रमाणपत्र किंवा महापालिकेचं ओळखपत्र. पुण्यात ज्यांचं बायोमेट्रिक सर्वेक्षण झालंय त्यांच्याकडे ते असतं. सर्वेक्षणात नाव राहून गेलं असेल तर महापालिकेकडून शिफारसपत्र घेता येतं, आणि खरी मारामारी या शिफारसपत्रासाठीच असते. जागेवरचा फोटो ज्यात गाडी, माल आणि मागे ओळखीची खूण दिसते, कधी अतिक्रमणवाल्यांनी माल उचलला असेल तर त्या दंडाची पावती (हसू नका, तुम्ही तिथे धंदा करत होता याचा तो पक्का सरकारी पुरावा आहे), पथारी संघटनेचं सभासदत्व, हे सगळं जोडा. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहर फेरीवाला समिती असते, तिच्यात पथारीवाल्यांचे प्रतिनिधी असतात, त्यातल्या एखाद्याला गाठा.

मग बँक. काऊंटरवर साधारण असं होतं:

"मावशी, तुमचं सिबिल नाहीये, कर्ज नाही होणार."

"साहेब, मी आधी कधी कर्जच घेतलं नाही तर सिबिल येणार कुठून? स्वनिधीचा अर्ज आहे, मंजुरीचा मेसेज आलाय, हा बघा."

"मॅनेजर साहेब नाहीत, पुढच्या आठवड्यात या."

"चालेल, अर्जावर तेवढी आज आल्याची तारीख टाकून द्या."

तारीख मागितली की बरेचदा मॅनेजर साहेब आतूनच बाहेर येतात. तरीही नाहीच झालं तर समूह संघटिकेला सांगा, महापालिकेला किती अर्ज वाटप झाले याचं टार्गेट असतं, ती बँकेला फोन करते.

पैसे हातात आल्यावर तो हप्ता चुकवू नका, एक वेळ गावच्या जत्रेची वर्गणी चुकवा. पंधरा हजार काही फार नाहीत, भाजीवाल्याचा काही दिवसांचा माल, पण बारा हप्ते वेळेत गेले की तुमच्या नावावर पहिली चांगली नोंद तयार होते, आणि पुढे घराच्या लोनवेळी बँकेचा माणूस तुमचं नाव टाकून तेच बघणार आहे. गिऱ्हाईकाकडून रोख घेतली तरी दर आठवड्याला थोडी रक्कम खात्यात भरत जा, म्हणजे पासबुकात कमाई दिसते. आणि त्या ॲपवाल्या लोनला हातही लावू नका.

एक मोठी गोम आहे, ती कोणी सांगत नाही. पीएम विश्वकर्माला अट आहे की मागच्या पाच वर्षांत स्वनिधी, मुद्रा किंवा पीएमईजीपीसारखं स्वयंरोजगाराचं कर्ज घेतलेलं नसावं. स्वनिधी किंवा मुद्राचं पूर्ण फेडलं असेल तर चालतं, पण अर्धवट असताना अर्ज केला तर बाद. त्यामुळे रस्त्याकडेला चप्पल शिवणाऱ्या माणसाने आधी ठरवावं कुठली घ्यायची. अवजारं आणि ५ टक्के व्याज बघता मी तरी विश्वकर्माच आधी घ्यायला सांगेन.

ज्यांना थोडं मोठं करायचंय, म्हणजे छोटा कारखाना, बेकरी, गॅरेज, त्यांनी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपी ही नव्या धंद्याला कर्ज आणि अनुदान देणारी केंद्राची योजना बघावी. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प, सेवा उद्योगाला २० लाखांपर्यंत. शहरात खुल्या गटाला १५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के, तर महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, दिव्यांग, माजी सैनिक यांना २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे फक्त ५ टक्के. धंदा नवीन पाहिजे, चालू दुकानाला नाही. अनुदान हातात पडत नाही, ते बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने अडकवून ठेवतात आणि धंदा चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. "अनुदान मिळवून देतो, दहा टक्के माझे" म्हणणारा भेटला की समजायचं त्याला हे माहीत नाही किंवा त्याला वाटतंय तुम्हाला माहीत नाही.

घर

प्रधानमंत्री आवास योजना शहरी, तिचा दुसरा टप्पा सप्टेंबर २०२४ पासून चालू आहे. पहिली अट, भारतात कुठेही कुटुंबाच्या नावावर पक्कं घर नको. कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि लग्न न झालेली मुलं. गावचं वडिलांच्या नावावरचं घर मोजत नाहीत, पण वडील गेले आणि उताऱ्यावर तुमचं नाव लागलं असेल तर तो विषय आधीच महापालिकेच्या आवास कक्षात विचारून घ्या. मागच्या वीस वर्षांत कुठल्या सरकारी घरकुल योजनेचा फायदा घेतलेला नको. वर्षाचं कुटुंबाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर आर्थिक दुर्बल, ६ लाखांपर्यंत अल्प, ९ लाखांपर्यंत मध्यम. अर्ज ऑनलाईन, घरातल्या सगळ्यांचे आधार नंबर लागतात.

यात तुमचा रस्ता कुठला ते आधी ठरवा. स्वतःची जागा असेल आणि त्यावर कच्चं घर असेल तर बांधायला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख असे अडीच लाख मिळतात. पैसे एकदम येत नाहीत, बांधकामाच्या टप्प्याटप्प्याला फोटो आणि जिओटॅगिंग (फोटोसोबत जागेची नोंद) होऊन हप्ता पडतो, त्यामुळे जोत्यापर्यंतचे पैसे स्वतःच्या खिशात असले पाहिजेत. आणि जागा तुमची आहे हे कागदावर पाहिजे, सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड. एक-दीड गुंठ्याची गुंठेवारीची जागा असेल तर आधी ती नियमित करून घ्या, नाहीतर सगळं तिथेच थांबतं.

महापालिकेच्या प्रकल्पात तयार फ्लॅट, हा दुसरा रस्ता. आधीच्या टप्प्यात पुण्यात खराडी, हडपसर, वडगाव खुर्दला आणि पिंपरी-चिंचवडला चऱ्होली, बोऱ्हाडेवाडीला असे प्रकल्प झाले, सोडत काढून घरं दिली. इथे पण अडीच लाख सरकारचे आणि उरलेले तुमचे, आणि उरलेले म्हणजे बऱ्याच लाखांत असतात, फुकट घर नाही हे. अर्ज करायच्या आधीच आपल्या बँकेत जाऊन विचारा, मला किती लोन बसेल. लॉटरी लागल्यावर विचारायला गेलात तर मुदतीची तलवार डोक्यावर असते.

तिसरा रस्ता, बाजारातला किंवा रिसेलचा छोटा फ्लॅट घेऊन व्याजाचं अनुदान. घराची किंमत ३५ लाखांच्या आत, लोन २५ लाखांच्या आत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, ते पाच वर्षांत पाच हप्त्यांत येतं. लोन थकलं तर अनुदानही थांबतं. पुणे शहरात ३५ लाखांत फ्लॅट शोधणं म्हणजे काय ते मी वेगळं सांगत नाही, पण हद्दीच्या कडेला, जुन्या सोसायट्यांत मिळतात. फक्त बाईच्या नावावर खरेदी असेल तर महाराष्ट्रात स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, ३० लाखांवर ३० हजार वाचतात. नवरोबा कुरकुर करतील, करू द्या.

म्हाडाची लॉटरी याच्या जोडीला भरत राहा. पुण्यासारख्या मोठ्या शहरांत म्हाडाची मर्यादा वेगळी आहे, ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम, आणि उत्पन्न धरताना नवरा-बायकोचंच धरतात. म्हणजे आवास योजनेत अल्प गटात बसणारा माणूस म्हाडात अत्यल्पात बसू शकतो, हे बघून गट निवडा, चुकीचा गट म्हणजे अर्ज बाद. आता कागदपत्रांची तपासणी सोडतीच्या आधीच ऑनलाईन होते, म्हणून डोमिसाईल बारकोडवालं पाहिजे, जुनं हाताने लिहिलेलं चालत नाही. पुण्यात २० टक्के योजनेतली, म्हणजे बिल्डरने मोठ्या प्रकल्पात म्हाडासाठी राखून ठेवलेली घरं खाजगी बिल्डरच्या प्रकल्पात असतात, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी, पण महिन्याचा मेंटेनन्स त्या सोसायटीचा असतो, जिम आणि स्विमिंग पूलसकट. हप्ता अधिक मेंटेनन्स असा हिशोब करूनच अर्ज भरा.

"म्हाडात आपली ओळख आहे, पन्नास हजार द्या, नाव काढून देतो" हा माणूस दर लॉटरीला जन्माला येतो. सोडत कॉम्प्युटरवर आणि सगळ्यांसमोर होते. तो पन्नास जणांकडून पैसे घेतो, त्यातल्या दोघांना नशिबाने घर लागतं, त्यांचे ठेवून घेतो, बाकीच्यांना "पुढच्या वेळी नक्की". अनामत रक्कम फक्त अधिकृत वेबसाईटवरून भरायची, घर नाही लागलं तर ती खात्यात परत येते.

अडलं तर

अर्ज हातोहात दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक नंबर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. ऑनलाईन असेल तर अर्ज क्रमांकाचा स्क्रीनशॉट. पोच नसेल तर तुम्ही अर्ज केलाच नाही असं समजा.

दाखले वगैरे लोकसेवा हक्क कायद्यात येतात, २०१५ चा आहे, प्रत्येक सेवेला ठरलेले दिवस आहेत आणि ते ऑफिसात बोर्डवर लावलेले असायला पाहिजेत. दिवस उलटले तर आपले सरकार पोर्टलवर पहिलं अपील ३० दिवसांच्या आत करायचं, वकील लागत नाही. योजनेची यादी, किती अर्ज आले, किती मंजूर झाले, माझा का नामंजूर झाला, हे माहिती अधिकारात विचारा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तर ३० दिवसांत. प्रश्न छोटे ठेवा, "माझ्या अमुक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत द्यावी", एवढंच. भाषण लिहिलं की उत्तरही भाषणाचं येतं.

आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो, आयुक्त किंवा अतिरिक्त आयुक्त बसतात. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो, त्याच दिवशी उठून गेलात तर घेत नाहीत. कोर्टात चालू असलेलं प्रकरण किंवा नोकरीविषयक तक्रार तिथे चालत नाही, पण शिफारसपत्र अडलंय, आवासचा हप्ता अडलाय, कोर्सचं सर्टिफिकेट मिळालं नाही अशी कामं चालतात. खालच्या ऑफिसात दिलेल्या अर्जाची पोच सोबत जोडायची, त्याशिवाय आधी तिकडे जा म्हणून परत पाठवतात.